तोंडातली वस्ती

फराळाचे ताट पुढ्यात असताना कर्करोगाचे नाव काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. पण विषय तोंडाचा आहे, आणि वर्षभर ज्याची विचारपूस होत नाही त्या तोंडाकडे आपले लक्ष जाते ते याच चार दिवसांत. खुसखुशीत चकली दाताखाली मोडते, तिचा चुरा होतो आणि पाहता पाहता तो चुरा ओला होऊन घशाखाली उतरतो. आपण श्रेय देतो ते चकली करणाऱ्या हाताला, फार तर आपल्या बत्तिशीला. लाळेचे नाव कोणी घेत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती घास भिजवते, आंबटपणा मारते, दातांना चुना पुरवते आणि तोंडात नांदणाऱ्या कोट्यवधी जंतूंवर वचक ठेवते. हा वचक नाहीसा झाला म्हणजे काय होते ते माणसाला नीट कळले गेल्या शतकात, आणि तेही कर्करोगावरच्या एका उत्तम उपचाराने लाळ आटवून दाखवली तेव्हा.

या वस्तीचा पहिला जनगणनाकार म्हणजे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक. ते साल होते १६८३. आपल्याकडे त्याच वर्षी संभाजी महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांशी झुंजत होते. लेव्हेनहूक कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवण्याचा नाद मात्र त्याला होता. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला जे पत्र धाडले त्यात आपल्या दातांचा सारा दिनक्रम आहे. रोज सकाळी तो मिठाने दात घासत असे (आपल्या आजोबांनी ऐकले असते तर त्याला जवळचा मानला असता), पाण्याने चूळ भरत असे, दात कोरत असे आणि फडक्याने पुसत असे. एवढे करूनही दाढांच्या फटीत पांढरट, कालवलेल्या पिठासारखा काही मळ राहतोच, हे त्याने पाहिले. तो मळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तो काय, त्यात जिवंत प्राणी! कोणी पाण्यातून माशासारखे सुळकन जात होते, कोणी भोवऱ्यासारखे गरगरत होते. ज्याने जन्मात तोंड धुतले नव्हते अशा एका म्हाताऱ्याला गाठून त्याच्याही दातांवरचा मळ त्याने घेतला. तिथली गर्दी पाहून तर तो थक्कच झाला. एका माणसाच्या तोंडात जेवढे जीव आहेत तेवढी माणसे आपल्या साऱ्या देशात नाहीत, असा त्याने हिशेब मांडला.

त्याच्या चौकसपणाचा खरा मासला पुढेच आहे. व्हिनेगारची चूळ भरली तर हे प्राणी मरतात का, हे त्याने करून पाहिले. भिंगाखालच्या थेंबात ते मेले. दातांवरच्या थरात मात्र व्हिनेगार आतपर्यंत पोचत नाही, वरवरचेच मरतात, असे त्याच्या लक्षात आले. जंतू एकेकटे राहत नाहीत, चिकट थरात वस्ती करून राहतात आणि आतल्यांना बाहेरचा मारा लागत नाही, ही गोष्ट विज्ञानाने विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या गाजावाजाने पुन्हा सांगितली. डेल्फ्टच्या दुकानदाराने ती तीनशे वर्षे आधी एका चुळीत पाहिली होती.

त्यानंतर दोनशे वर्षे या शोधाचे फारसे काही झाले नाही. १८९० साली बर्लिनमध्ये राहणाऱ्या विलोबी डेटन मिलर या अमेरिकन दंतवैद्याने तोंडातल्या जंतूंवर ग्रंथ लिहिला आणि दात का किडतो याचा उलगडा केला. कीड म्हणजे अळी नव्हे. दातांना चिकटलेल्या गोड-पिठूळ अन्नावर जंतू जगतात, त्यातून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचा चुना विरघळतो. १९२४ साली लंडनच्या क्लार्क या संशोधकाने किडक्या दातांतून एक जंतू वेगळा काढला. तो रूप पालटतो म्हणून त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. हा बहुरूपी आपल्या गोष्टीत पुढे पुन्हा भेटेल.

आता दुसरा धागा. मिलरच्या ग्रंथानंतर पाचच वर्षांनी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, राँटगेनला क्ष-किरण सापडले. १८९८ साली क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. या किरणांनी गाठी विरघळतात हे लौकरच दिसून आले आणि डॉक्टर मंडळी एखाद्या नव्या दागिन्याने हरखून जावे तशी हरखली. एकाच बैठकीत जबर मात्रा द्यावी, गाठ जाळावी, अशी पहिली रीत होती. गाठ जळे, तिच्याबरोबर कातडीही जळे. यातून वाट काढली पॅरिसच्या रेडियम संस्थेने. त्या संस्थेचा भौतिकीचा विभाग मारी क्युरीकडे होता आणि जीवशास्त्राचा क्लोद रेगो याच्याकडे. रेगोने मेंढ्यांच्या अंडकोशांवर प्रयोग केले. एका दमात किरण दिले तर मेंढा निर्बीज होईपर्यंत वरची कातडी करपून जाई. तीच मात्रा अनेक दिवसांत वाटून दिली तर बीज मरे आणि कातडी मात्र सावरे. कर्करोगाच्या पेशीही बीजपेशींसारख्या भराभर वाढणाऱ्या, तेव्हा हाच न्याय त्यांना लावावा असे त्याने ठरवले. त्याचा सहकारी हेन्री कुतार याने घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांना कित्येक आठवडे, थोडे थोडे असे किरण दिले. १९२२ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी स्वरयंत्राच्या कर्करोगातून बरे झालेले सहा रुग्ण मांडले. गळा न कापता, आवाज न घालवता बरे झालेले सहा जण! आजही तोंडा-घशाच्या कर्करोगावर आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे, तीस-पस्तीस बैठकांत जे किरण दिले जातात ती रीत तिथूनच आलेली आहे.

कुतार बारीक नजरेचा होता. किरण सुरू झाल्यावर दोनएक आठवड्यांत तोंडाची आतली त्वचा लाल होते, मग तिच्यावर घटसर्पासारखा पांढरा पापुद्रा धरतो आणि काही आठवड्यांनी तो निघून जातो, हे त्याने टिपून ठेवले. तोंडाची त्वचा सतत झिजते आणि सतत नवी होते. किरणांनी नवी पेशी येणे थांबते आणि जुनी तर झिजतच राहते. मग साधा भात तिखट लागतो, पाणी झोंबते. उघड्या पडलेल्या त्या जागेवर वस्तीतले जंतू आणि बुरशी बसतात आणि दुखणे लांबते. मात्र हे दुखणे जंतूंनी निर्माण केलेले नाही. १९९० च्या सुमारास, योगायोगाने लेव्हेनहूकच्याच देशात, ग्रोनिंगेनच्या दंतवैद्यांनी जंतुनाशकांच्या चघळण्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या. आरंभी फार आशा वाटली. पुढच्या काटेकोर चाचण्यांत तेवढा गुण दिसला नाही.

पापुद्रा निघून जातो, लाळ मात्र परतत नाही. खरे दुःख त्याचे आहे. इथे एक कोडेही आहे. १९०६ साली बेर्गोनिये आणि त्रिबोंदो या दोघा फ्रेंचांनी नियम सांगितला होता, की ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरण अधिक लागतात. कानशिलाखालच्या मोठ्या लाळग्रंथीच्या पेशी फारशा विभागतच नाहीत. नियमाप्रमाणे त्या सुखरूप राहायला हव्यात. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यावर येते आणि सात आठवड्यांच्या अखेरीस कित्येकांच्या तोंडात उरते ती चिकट, तारा सुटणारी चमचाभर ओल. असे का व्हावे, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही.

रेगोने त्याच १९२२ साली आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि ती अधिक भीतिदायक होती. किरण लागलेले जबड्याचे हाड जिवंत दिसते, पण पुढे जखम झाली तर ते भरून येत नाही. मरते, उघडे पडते, कुजते. त्या काळच्या क्ष-किरणांची शक्ती कमी होती आणि हाडातल्या चुन्यात ते मांसापेक्षा कितीतरी अधिक शोषले जात. त्यामुळे गाठीला मारताना हाडाला जादा मार बसे. १९५१ साली कॅनडात कोबाल्टचे यंत्र आले तेव्हा हा अन्याय पुष्कळसा दूर झाला.

या सगळ्याचा भोग एका जगद्विख्यात माणसाच्या वाट्याला आला, तो म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. दिवसाला वीसपर्यंत चिरूट ओढणाऱ्या या मनोवैद्याला १९२३ साली टाळूच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्नाच्या हायेक नावाच्या डॉक्टरने बाह्यरुग्ण विभागातच उरकली. रक्तस्राव इतका झाला की जीवावर बेतले. त्यानंतर क्ष-किरण झाले, रेडियमही झाले. त्याच शरद ऋतूत पिखलर या जबड्यांच्या निष्णात शल्यवैद्याने वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढला. नाक आणि तोंड यांच्यामध्ये भिंतच उरली नाही, म्हणून रबराची एक मोठी कवळी बसवावी लागली. घरात तिला ‘राक्षस’ म्हणत. ती काढली तर बोलता येत नसे आणि ठेवली तर जखमा होत. सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ज्या होल्ट्सक्नेख्टने त्याला क्ष-किरण दिले तो स्वतःच किरणांच्या जखमांनी हात गमावून १९३१ साली मरण पावला, हेही इथेच सांगून ठेवतो. त्या पिढीच्या डॉक्टरांनी रुग्णांपेक्षा कमी भोगले नाही.

हिटलरच्या तावडीतून सुटून फ्रॉइड १९३८ साली लंडनला आला. तोंडात मेलेल्या हाडाचा एक तुकडा सुटून येण्याची वाट सारे पाहत होते. आपण भुकेल्या कुत्र्यासारखे एका हाडाची वाट पाहतो आहोत, फक्त हाड आपलेच आहे, असा विनोद त्याने एका पत्रात केला. तुकडा निघाला, थोडा आराम पडला. पण गाठ पुन्हा आली. पॅरिसच्या त्याच रेडियम संस्थेतून लाकासान्य हा तज्ज्ञ त्याला पाहायला लंडनला आला, किरण झाले. त्या उन्हाळ्यात गालाला आरपार भोक पडले. कुजणाऱ्या जखमेची दुर्गंधी अशी, की त्याची लाडकी कुत्री जवळ येईना, कोपऱ्यात दडून बसे. माश्या येऊ नयेत म्हणून पलंगावर मच्छरदाणी लावावी लागली. २३ सप्टेंबर १९३९ रोजी तो गेला. हे सारे काही किरणांनी केले असे म्हणणे खोटे ठरेल. कर्करोग होताच, चिरूटही अखेरपर्यंत सुटला नाही. पण गाठ, शस्त्र, किरण आणि तोंडातले जंतू हे चौघे एकत्र आले म्हणजे काय होते, याचे इतके तपशीलवार टिपण दुसऱ्या कोणा रुग्णाचे क्वचितच असेल.

फ्रॉइड गेला त्याच १९३९ साली पॅरिसच्या त्या संस्थेत शिकलेल्या देल रेगातो या क्यूबन डॉक्टरने किरणोपचारानंतरच्या दातांवर एक लेख लिहिला. ही कीड नेहमीच्या किडीसारखी नसते. नेहमीची कीड दाढांच्या खाचांत बसते. ही हिरडीलगत दाताच्या मानेला वळसा घालते, आणि जिथे सहसा कधी किडत नाही त्या पुढच्या दातांच्या धारेवरही चढते. काही महिन्यांतच दात मानेशी मोडतो, बहुधा फारसा न दुखता. आधी वाटले की किरणच दात विरघळवतात. पण किरणांच्या वाटेत नसलेले दातही तसेच किडू लागले, तेव्हा संशय लाळेवर गेला.

आणि तरीही पुढची तीस वर्षे पुष्कळ ठिकाणी उपाय चालू राहिला तो एकच: किरणांच्या आधी सगळे दात उपटून टाकायचे, चांगले असोत की किडके. मला यात कर्करोगाच्या डॉक्टरांचा दुष्टपणा दिसत नाही. दात ठेवले तर किडणार. किडले तर उपटावे लागणार. किरणांनंतर उपटले तर जबडा कुजणार. दोष होता तो वाटणीचा. गाठ एका धंद्याची आणि दात दुसऱ्या धंद्याचे, आणि दोन्ही धंदे वेगवेगळ्या इमारतींत शिकलेले. लाळ तर कोणाच्याच वाट्याला आली नव्हती.

ही वाटणी आपल्याला किती महाग पडते हे सांगण्यासाठी मुंबईला यायला हवे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढल्याच वर्षी गेले. आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांनी ते उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. क्ष-किरणांचा आणि त्यांचा जन्म एकाच वर्षीचा, १८९५ चा. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग एवढा आढळत नाही आणि आपल्याकडे तो एवढा का, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. त्यांना उत्तर सापडले ते लोकांच्या सवयींत. १९४५ साली एका सहकाऱ्यासह त्यांनी सवयींतून उपजणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार मांडले: जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा, ओठाआड चुना-तंबाखू धरणाऱ्यांचा ओठाचा, आणि कमरेला घट्ट धोतर बांधणाऱ्यांचा कातडीचा. आपल्या महाराष्ट्राला तर अधिक सांगायला नको. तंबाखूची चिमूट गालात ठेवून शेतावर जाणारा गडी आणि भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीने दात घासणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहेत.

आता असे पाहा. ज्या तोंडाला हा रोग होतो त्या तोंडाचे दात आधीच बरे नसतात. हिरड्या सुटलेल्या, दाढा हललेल्या, दंतवैद्याचे दार कधी न पाहिलेले. गाठ कळल्यावर घरची मंडळी धास्तावतात, किरण उद्या सुरू करा म्हणतात; अशा वेळी दातांचे नाव काढणारा त्यांना वेडाच वाटतो. किरण होतात, गाठ जाते, पेढे वाटले जातात. वर्ष-दोन वर्षांनी एक दाढ ठणकते. माणूस गावातल्या दंतवैद्याकडे जातो, किरणांचे सांगायचे त्याला सुचत नाही आणि विचारायचे दंतवैद्याला. दाढ निघते, खड्डा भरत नाही. खालच्या जबड्याला रक्त पोचवणारी वाट मुख्यतः एकच, म्हणून तो आधी बळी पडतो. कर्करोगातून वाचलेला माणूस अशा रीतीने जबडा गमावून बसतो.

दोन धंदे एका छपराखाली आले ते अमेरिकेत, ह्यूस्टन शहरी, १९७० च्या दशकात. तिथे ड्रायझेन, ब्राउन, डेली आणि त्यांच्या सोबत्यांनी किरणांच्या आधी, चालू असताना आणि नंतर रुग्णांच्या तोंडातली वस्ती मोजली. १९७५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष लेव्हेनहूकने आनंदाने वाचले असते. लाळ आटली की वस्ती ओस पडत नाही. तिची घडण पालटते. आम्लाला न जुमानणारे बळावतात: तो बहुरूपी म्युटन्स, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद लॅक्टोबॅसिलस, आणि कँडिडा ही बुरशी. निरुपद्रवी म्हणून वर्षानुवर्षे नांदलेले कितीतरी रहिवासी मागे हटतात. बाहेरून कोणी शत्रू आलेला नसतो. घरातलेच, कालपर्यंत दबून असलेले, मालक होतात.

त्यावरचा त्यांचा उपाय ऐकायला अगदी साधा होता. किरणांपूर्वी तोंड तपासायचे. वाचण्याजोगे नसतील तेवढेच दात काढायचे आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. उरलेल्या दातांना रोज, न चुकता, फ्लोराइडचा लेप लावायचा. रोज म्हणजे जन्मभर. ज्यांनी लावला त्यांचे दात टिकले. ज्यांनी कंटाळा केला त्यांचे गेले. सरसकट उपटण्याची रीत हळूहळू मागे पडली.

जबड्याच्या हाडाचा खटला मात्र अजून चालू आहे. १९७० साली मायर याने तीन आरोपी ठरवले होते: किरण, जखम आणि जंतू. १९८३ साली मायामीच्या रॉबर्ट मार्क्सने मेलेली हाडे तपासून सांगितले, की जंतू केवळ वरवर बसलेले आहेत, खरा दोष रक्ताअभावी हाड उपाशी पडण्याचा. जंतू निर्दोष सुटले आणि दाबाखाली प्राणवायू देण्याच्या खोल्या ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. २००५ साली नॉर्वेच्या संशोधकांनी नव्या पद्धतीने पाहिले तर अशा हाडात जंतूंच्या अनेक जाती सापडल्या; म्हणजे आरोपी पुन्हा पिंजऱ्यात. आणि २०१९ साली ब्रिटनमधल्या चाचणीत, दात काढण्याआधी प्राणवायू दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत जबडा कुजण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, दोन्हीकडे शंभरात सहाच्या आसपास.

लाळेच्या बाबतीत अधिक बरी बातमी आहे. ब्राझीलच्या रानातल्या जाबोरांदी या झुडपाच्या पानांनी तोंडाला पाणी सुटते हे तिथल्या आदिवासींना ठाऊकच होते. त्यातले पायलोकार्पिन हे द्रव्य १९९४ साली अमेरिकेत किरणांनंतरच्या कोरडेपणासाठी मान्य झाले. ग्रंथीत काही पेशी जिवंत असतील तरच त्याचा उपयोग. त्याहून मोठा बदल यंत्रात झाला. संगणकाच्या मदतीने किरणांचा झोत हव्या त्या आकारात वळवता येऊ लागला, आणि कानशिलाखालची ग्रंथी वाचवून गाठीवर नेम धरता येऊ लागला. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर याची परीक्षा झाली. २०११ साली निकाल लागला. जुन्या रीतीने किरण घेतलेल्यांपैकी ७४ टक्क्यांचे तोंड वर्षाने लक्षणीय कोरडे होते, नव्या रीतीच्या रुग्णांपैकी ३८ टक्क्यांचे.

त्या अडतिसांच्या उशाशी अजून पाण्याचा तांब्या असतो. रात्री दोनदा-तीनदा उठून घोट घ्यावा लागतो, नाहीतर जीभ टाळूला चिकटते. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळा, मऊ ब्रश, रोजचा फ्लोराइडचा लेप, आणि चकलीऐवजी ताकात कुस्करलेला भात. घरात असे कोणी असेल तर फराळाचे ताट वाढताना शेजारी वाटीभर पातळ ताक ठेवावे, आणि दात दुखतो म्हणाले तर दंतवैद्याला पहिल्या वाक्यातच सांगावे, की किरण झालेले आहेत.